एका हाताचा मोजा

पळसटोलीच्या फाटकावर पावणेपाचची मालगाडी
कधीच पावणेपाचला आली नाही.
सायकलला दोन कॅन, वीस-वीस लिटरचे,
समोर बंद फाटक, लाल-पांढरं, दवानं ओलं,
आणि धुवारी अशी, की पुढचं चाक कोणाचं ते विचारावं.

पुसात लोखंडाला दात येतात.
मी एक हात काखेत घालायचो, एक तोंडाशी धरायचो,
मग उलट.
हँडल तेवढ्या वेळात आणखी चावरं व्हायचं.

केबिनमध्ये मंसाराम कोवे विणत बसलेला.
मिशीवाला माणूस, रेल्वेचा निळा कोट,
लोकरीचा गोळा चहाच्या गंजात ठेवलेला,
म्हणजे लोळत नाही.
शाळेतली पोरं हसायची : "मामा, घरी पाळना हलनार हाये का?"
तो टाके मोजत असायचा,
त्यामुळे त्यांना उत्तर मिळालं नाही.
बालाघाटकडच्या लाइनीवर असताना म्हणे
एका पहाडी गँगमनच्या बायकोनं शिकवलं,
पगाराआधीच्या आठवड्यात,
जेव्हा पत्ते खेळायलाही पैसे नसतात.

त्याच्या सुया मोडल्या तेव्हा
माझ्या जुन्या चाकाचे दोन आरे दिले मी.
तीन दिवस त्यानं ते कट्ट्यावर घासले,
टोक जिभेला लावून दाखवलं.
"आता तुह्या सायकलवरच चालून रायलो मी," म्हणाला.

एका पहाटे म्हणाला, "हात ठेव."
मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर
मी पंजे ठेवले, एक झाला की एक.
तो बॉलपेन कडेकडेनं फिरवत गेला, गुदगुल्या होईस्तोवर.
उजवी करंगळी माझी वाकडी आहे, म्हशीनं दाबलेली.
"हे वाकडीच विनतो.
सरळ विनली तं बोट कोनाचं म्हनशीन?"

लोकर चटणी रंगाची.
अर्धी गोंदियाच्या बाजारातली,
अर्धी बहिणीचं स्वेटर उसवून काढलेली,
भाताच्या वाफेवर धरून सरळ केलेली.
तिला कितीतरी दिवस भाताचा वास यायचा.

उजवा मोजा संक्रांतीच्या आधी झाला.
अंगठ्याच्या बुडाशी एक टाका सुटलेला आहे,
त्या टाक्याला गाडी आली होती.

डावा बोटांच्या मुळांपर्यंत आला,
तेव्हा फाटकाच्या जागी बोगदा मंजूर झाला.
जेसीबी आला, खडी आली,
मंसारामची बदली वडशाकडं का आणखी कुठं.
जाताना गंज, आरे आणि अर्धा मोजा
त्यानं एकाच पिशवीत घातले.
"पुरा करून धाडतो."
कोणाच्या हाती, ते दोघांनाही सुचलं नाही.

आता थांबावं लागत नाही.
बोगद्यात घोट्याएवढं पाणी असतं, मार्च लागेस्तोवर;
मी उतरून सायकल ढकलतो.
डोक्यावरून मालगाडी जाते,
तिला तिकडं कोण दिवा दाखवतं, खालून दिसत नाही.

मोजा एक, हात दोन.
बोडीपर्यंत उजवा,
बोडीपासून डेअरीपर्यंत डावा, असं ठरवलं आहे.
डाव्यात घातला की तळव्याचा भाग पाठीवर येतो,
आणि माझ्या धडक्या करंगळीला
दोन किलोमीटर वाकडं राहावं लागतं.

दुधाचं फॅट मोजणारी सुलोचनाबाई म्हणते,
"चाळीस रुपयांत जोडी भेटते बाजारात, घेऊन टाक ना बाप्पा!"
मी घेतो म्हणतो.
तीन थंड्या झाल्या, घेतो म्हणतो.
माझ्या डाव्या हाताचं माप
कुठल्यातरी फाटकावर, कॅलेंडरच्या पाठीवर आहे अजून,
बोटं पसरून.

आज हीव जास्त आहे.
बांध्यांतल्या लाखोळीवर पांढरं पडलंय,
तणसाच्या ढिगावर कुत्रं उठायला तयार नाही.
बोडी यायच्या आधीच
मी हात बदलला.